मुक्कामापुरते इंग्रजी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात ‘हॉटेल, लॉज, होमस्टे अशा मुक्कामाच्या जागांसंबंधीचे जे इंग्रजी शब्द आपल्याला अडवतात, ते कळवा’ असे आवाहन आम्ही वाचकांना केले होते. पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला असल्यामुळे असेल, पण पेडणे, बार्देश, डिचोली, फोंडा आणि इतरही तालुक्यांतून अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. ज्यांची उत्तरे अनेकांच्या उपयोगी पडतील, ते प्रश्न येथे घेतले आहेत. पणजी आणि कळंगुट येथील हॉटेलांच्या स्वागतकक्षात मी २८ वर्षे काम केले, आणि त्या काळात जे शिकलो त्याच्या आधारे ही उत्तरे लिहीत आहे. मराठीत वचन देण्याला आपण ‘शब्द देणे’ म्हणतो. मुक्कामाच्या व्यवसायात ते अक्षरशः खरे आहे, कारण पाहुणा खोली पाहण्याआधीच पैसे भरतो आणि तोपर्यंत त्याच्या हाती आपल्या शब्दाखेरीज काहीही नसते.

प्रश्न : समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचे जुने कौलारू घर आहे. मागच्या बाजूच्या दोन खोल्या पर्यटकांना देण्याचा विचार आहे. मुलगा म्हणतो पाटीवर ‘रिसॉर्ट’ लिहू, यजमान म्हणतात ‘गेस्ट हाउस’, आणि शेजारीण ‘होमस्टे’ सुचवते. यांत खरोखर फरक आहे का? (एक गृहिणी, मांद्रे)

उत्तर : ताई, फरक आहे, आणि तो पैशांचाही आहे. ‘रिसॉर्ट’ हा शब्द वाचणारा माणूस दिवसभर बाहेर न पडता वेळ घालवता येईल अशा जागेची कल्पना करतो. त्याच्या डोळ्यांसमोर पोहण्याचा तलाव, बाग, आवारातच उपाहारगृह आणि मुलांना खेळायला जागा असते. आपल्या दोन खोल्या कितीही नीटनेटक्या असल्या तरी तो पहिल्या दिवशीच नाराज होईल आणि त्याची ती नाराजी पुढच्या दहा गिऱ्हाइकांना वाचायला मिळेल. ‘गेस्ट हाउस’ म्हणजे पाहुण्यांसाठीच राखलेली छोटी इमारत, जिथे मालक राहत असेल किंवा नसेलही. ‘होमस्टे’ या शब्दात मात्र घरचे लोक त्याच घरात राहतात, हे गृहीत असते. पाहुणा स्वयंपाकघरातून येणारा फोडणीचा वास, अंगणातली तुळस आणि आपली विचारपूस यांच्यासाठी येतो. आपण स्वतः त्या घरात राहता, तेव्हा आपल्या शेजारणीचे म्हणणे योग्य आहे. ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ असेही लिहिता येईल, परंतु मग रोज सकाळी न्याहारी द्यावीच लागेल, कारण ती पाटीवरच कबूल केलेली असते. ‘कॉटेज’ म्हणजे स्वतंत्र छोटे घर आणि ‘व्हिला’ म्हणजे सबंध घर एकाच कुटुंबाच्या ताब्यात, म्हणून हे दोन्ही शब्द आपल्याला लागू नाहीत. ‘लॉज’ या शब्दाविषयी एक लक्षात असू द्यावे. आपल्याकडच्या शहरांत बसस्थानकाजवळच्या स्वस्त जागांमुळे त्याला कमीपणा आला आहे, पण इंग्रजीत जंगलातल्या किंवा डोंगरातल्या चांगल्या निवासालाही लॉज म्हणतात, त्यामुळे विदेशी पाहुण्याला त्यात काही खटकत नाही.

आपण पत्रासोबत जाहिरातीचा मसुदा पाठवला आहे. त्यातल्या दोन शब्दांवर थांबणे भाग आहे. पहिला शब्द ‘सी व्ह्यू’. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत असेल तरच ‘सी व्ह्यू’ म्हणावे. खोलीचे तोंडच समुद्राकडे असेल तर ‘सी फेसिंग’, आणि घर थेट किनाऱ्याला लागून असेल तर ‘बीचफ्रंट’. आपल्या घराला यांपैकी एकही शब्द लागू होत नाही. ‘टेन मिनिट्स वॉक टू द बीच’ एवढे खरे लिहिले तर पुरेसे आहे, आणि ते लिहिताना वाटेत चढ असेल तर तोही सांगावा. वयस्क पाहुणे त्यासाठी आपले आभार मानतील.

दुसरा शब्द ‘बाल्कनी’, आणि हा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपण लिहिले आहे, ‘हाउस विथ ओल्ड बाल्कनी’. आपल्याला अभिप्रेत आहे तो बाल्कांव, म्हणजे घराच्या दर्शनी दारापाशी दोन-तीन पायऱ्या चढून येणारी, दोन्ही बाजूंना बसायला सोपे, म्हणजे बांधीव बाक, असलेली छपराखालची जागा. संध्याकाळी तिथे बसून रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे, हा गोव्याच्या घरांचा जुना रिवाज आहे. पोर्तुगीज ‘बाल्कांव’ आणि इंग्रजी ‘बाल्कनी’ हे एकाच कुळातले शब्द आहेत, पण इंग्रजीत बाल्कनी म्हणजे वरच्या मजल्यावर भिंतीबाहेर काढलेला, कठडा असलेला सज्जा. जाहिरात वाचून येणारा पाहुणा आपल्या खोलीला लागून असलेला, फक्त आपल्यासाठीचा सज्जा शोधेल आणि त्याला तो सापडणार नाही. ‘पोर्च’ हा त्यातल्या त्यात जवळचा इंग्रजी शब्द आहे. ‘व्हरांडा’ही चालेल, कारण हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातच उचलला. माझे मत विचाराल तर ‘बाल्कांव’ हाच शब्द तसाच लिहून पुढे एका वाक्यात, ‘अ शेडेड फ्रंट पोर्च विथ बिल्ट-इन सीट्स’, असा अर्थ द्यावा. पाहुण्याला जागा कळेल आणि आपल्या घराचे खरे नावही त्याच्या कानावर पडेल.

पाटी लावण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करायची आहे. गोव्यात पर्यटकांना पैसे घेऊन खोली देणाऱ्याने १९८२च्या पर्यटक व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. विदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारी यंत्रणेला कळवावी लागते. त्यालाच आपल्याकडे सगळे ‘सी फॉर्म’ भरणे म्हणत आले आहेत. त्या अर्जात ‘अरायव्हल’ म्हणजे येण्याची, तर ‘डिपार्चर’ म्हणजे जाण्याची तारीख. हे दोन रकाने घाईत उलटे भरले जातात, तेवढे सांभाळावे.

प्रश्न : मुलगी नोकरीनिमित्त पुण्याला असते. ती मैत्रिणींसह हणजूणला आली आणि ‘हॉस्टेल’मध्ये उतरली, असे म्हणाली. हॉस्टेल तर विद्यार्थ्यांचे असते ना? (एक वडील, वाळपई)

उत्तर : आपण ‘हॉस्टेल’ म्हणजे महाविद्यालयाचे वसतिगृह असे समजतो, आणि तो अर्थही बरोबर आहे. पण जगभर ‘हॉस्टेल’ म्हणजे कमी खर्चात प्रवास करणाऱ्यांसाठीची जागा, जिथे खोलीऐवजी एक पलंग भाड्याने मिळतो. या पद्धतीची सुरुवात जर्मनीत झाली. विद्यार्थ्यांना पायी भटकंतीला नेणाऱ्या रिचर्ड शिर्मान नावाच्या शिक्षकाला १९०९ मध्ये ही कल्पना सुचली, आणि १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युवा हॉस्टेल उघडले. हणजूण, वागातोर भागात सध्या आहेत ती हॉस्टेले याच परंपरेतली.

वडील म्हणून आपल्याला उपयोगी पडतील असे तीन शब्द देतो. ‘डॉर्म’ म्हणजे चार, सहा, आठ पलंगांची सामाईक खोली. ‘बंक’ म्हणजे रेल्वेच्या डब्यासारखे एकावर एक पलंग. त्यात ‘लोअर’ आणि ‘अपर’ आधीच सांगून ठेवता येतात. तिसरा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘मिक्स्ड डॉर्म’ म्हणजे स्त्री-पुरुष एकाच खोलीत, आणि ‘फीमेल डॉर्म’ म्हणजे फक्त स्त्रियांसाठीची खोली. आरक्षणाच्या पानावर हे दोन शब्द एकाखाली एक असतात आणि दोन्हींच्या दरात थोडाच फरक असतो, म्हणून पैसे भरण्यापूर्वी ते पुन्हा वाचावेत. मुलीला हे नक्कीच माहीत असणार, तरी आपल्यालाही माहीत असले म्हणजे बोलणे सोपे होते.

प्रश्न : मी हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पूर्ण करून स्वागतकक्षात उमेदवारी करत आहे. डबल आणि ट्विन यांत माझा नेहमी गोंधळ होतो. शिवाय दरपत्रकावरील ‘ईपी, सीपी, मॅप, एपी’ ही अक्षरे पाठ केली आहेत, पण त्यांना ‘युरोपियन’, ‘अमेरिकन’ अशी नावे का, हे कोणीच सांगत नाही. (एक प्रशिक्षणार्थी, साखळी)

उत्तर : ‘डबल’ म्हणजे दोघांसाठी एक मोठा पलंग. ‘ट्विन’ म्हणजे दोघांसाठी दोन वेगळे पलंग; ‘ट्विन’ याचा मूळ अर्थच जुळे. गोंधळ होतो तो ‘डबल ऑक्युपन्सी’ या शब्दामुळे. त्याचा पलंगाशी काहीही संबंध नाही. खोलीत दोन माणसे राहणार आणि दर दोघांचा लागणार, एवढेच तो सांगतो. त्यामुळे ट्विन खोलीही डबल ऑक्युपन्सीवर जाते, आणि एकट्या माणसाने डबल खोली घेतली तर ती ‘सिंगल ऑक्युपन्सी’ होते. आरक्षण घेताना किती माणसे आणि किती पलंग हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारण्याची सवय लावा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचा अंदाज कधीही बांधू नका.

हे इतक्या आग्रहाने सांगण्यामागे एक रात्र आहे. नोकरीत मला जेमतेम वर्ष झाले होते. डिसेंबरात, रात्री साडेअकराच्या सुमारास, इंग्लंडहून आलेल्या दोन वृद्ध बहिणी दाबोळी विमानतळाहून टॅक्सीने पोहोचल्या. त्यांनी ट्विन मागितली होती आणि नोंदवहीत माझ्याच अक्षरात ‘डबल’ लिहिलेले होते. हॉटेल भरलेले होते. दार उघडून एकच पलंग दिसल्यावर थोरल्या बहिणीने काही न बोलता आपली पर्स खुर्चीवर ठेवली आणि ती तिथेच बसून राहिली. धाकटीने हळूच सांगितले की तिच्या बहिणीच्या कंबरेचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे आणि कुशीवर वळताना कोणाचा धक्का लागलेला तिला सोसत नाही. आम्ही तिघांनी कोठारातून घडीचा पलंग काढला, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठा घालून तो सरळ केला, दोन गाद्या टाकल्या आणि नवी चादर घातली, तोवर एक वाजून गेला होता. दोघींनी आभार मानले. मला मात्र त्या खुर्चीवर बसलेल्या बाईंचा चेहरा अजून आठवतो. एका शब्दाच्या चुकीमुळे त्यांना दीड तास ताटकळावे लागले.

आता दुसरा भाग. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील हॉटेलांत खोलीच्या भाड्यातच सर्व जेवणे धरण्याची पद्धत होती, तर युरोपात खोलीचे पैसे वेगळे आणि खाण्याचे वेगळे घेत. त्यावरून ‘अमेरिकन प्लॅन’ म्हणजे न्याहारी, दुपारचे आणि रात्रीचे जेवण धरून दर, आणि ‘युरोपियन प्लॅन’ म्हणजे केवळ खोली, अशी नावे पडली. ‘कॉन्टिनेन्टल प्लॅन’मध्ये खोली आणि न्याहारी येते. ‘मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन’, ज्याला आपण तोंडी ‘मॅप’ म्हणतो, त्यात न्याहारी आणि एक मुख्य जेवण येते. ते जेवण दुपारचे की रात्रीचे, हे पाहुण्याला स्पष्ट विचारावे. समोर ब्रिटिश पाहुणा असेल तर त्याला ही अक्षरे कदाचित ओळखीची नसतील. तो ‘हाफ बोर्ड’ आणि ‘फुल बोर्ड’ म्हणेल. हाफ बोर्ड म्हणजे साधारण आपले मॅप, फुल बोर्ड म्हणजे एपी.

यातला ‘बोर्ड’ पाहा. मूळ अर्थ फळी, त्यावरून जेवणाचे मेज, आणि त्यावरून मेजावरचे जेवण. म्हणून ‘लॉजिंग’ म्हणजे राहणे आणि ‘बोर्डिंग’ म्हणजे जेवणे. मराठीत ‘लॉजिंग-बोर्डिंग’ ही जोडी रूढ झाली, पण पाटीवर हे दोन शब्द असूनही जेवण न देणाऱ्या जागा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आठवा. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलांची राहण्याबरोबर जेवणाचीही सोय व्हावी, हा त्यामागचा हेतू, आणि ‘बोर्डिंग’ हा शब्द तिथे नेमका होता.

प्रश्न : ‘स्यूट’, ‘सूट’ की ‘स्वीट’? ‘अकोमोडेशन’चे स्पेलिंग कसे लक्षात ठेवावे? आणि ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणजे फुकट ना? (एक शिक्षिका, म्हापसा)

उत्तर : उच्चार ‘स्वीट’. अंगातल्या कोटाचा ‘सूट’ वेगळा, आणि स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ई’ असलेला हा ‘स्वीट’ वेगळा. बैठकीची खोली आणि निजण्याची खोली मिळून जो संच होतो, त्याला स्वीट म्हणतात. ‘अकोमोडेशन’मध्ये दोन सी आणि दोन एम. मराठी मुलांना सांगताना ‘या शब्दात सगळ्यांना जोडीने जागा मिळते’ असे मी सांगत असे. ब्रिटिश इंग्रजीत त्याला अनेकवचनाचा ‘एस’ लावत नाहीत, अमेरिकन इंग्रजीत लावतात. ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणजे हॉटेलकडून सदिच्छेने, वेगळे पैसे न घेता दिलेले, जसे खोलीतल्या पाण्याच्या दोन बाटल्या. मधल्या ‘आय’च्या जागी ‘ई’ लिहिला की अर्थ ‘एकमेकांना पूरक’ असा होतो. छापील दरपत्रकांतही ही चूक आढळते.

प्रश्न : सहलीसाठी आम्ही ‘टू नाइट्स, थ्री डेज’ असे आरक्षण केले होते. रात्रभर बसने प्रवास करून पहाटे सहाला पोहोचलो, तर स्वागतकक्षाने आणखी एका रात्रीचे पैसे मागितले. आम्ही तीन दिवसांचेच पैसे भरले होते. ही फसवणूक नव्हे का? (एक निवृत्त पोस्टमास्तर, डिचोली)

उत्तर : आपल्याला झालेला मनस्ताप मी समजू शकतो, कारण याच कारणाने एका परक्या शहरात मी स्वतः बॅगेवर बसून सकाळचे आठ तास काढले आहेत. तरीही शब्दांकडे पाहिले तर हॉटेलची बाजू नियमाला धरून दिसते. हॉटेलचे मोजमाप रात्रींवर चालते. ‘टू नाइट्स, थ्री डेज’ यात पैसे दोन रात्रींचे असतात. तिसरा दिवस म्हणजे निघण्याची सकाळ. बहुतेक ठिकाणी ‘चेक-इन’ दुपारी एक किंवा दोनपासून आणि ‘चेक-आउट’ सकाळी अकरा किंवा दुपारी बारापर्यंत असते. मधल्या दोन-तीन तासांत चादरी बदलणे, न्हाणीघर धुणे, मोडतोड पाहणे ही कामे होतात. पहाटे सहाला आपल्याला खोली द्यायची, तर ती आदल्या रात्री रिकामी ठेवलेली असावी लागते, आणि ते पैसे हॉटेल मागते. काही हॉटेलांत ‘ट्वेंटी-फोर अवर्स चेक-आउट’ असते, म्हणजे आपण जेव्हा खोलीत शिराल तेव्हापासून २४ तास मोजायचे. रात्रीच्या बसने येणाऱ्यांनी असे हॉटेल शोधावे.

आपल्या पावतीवर ‘अर्ली चेक-इन सब्जेक्ट टु अव्हेलेबिलिटी’ असे छापलेले आहे. ‘सब्जेक्ट टु’ म्हणजे ‘च्या अधीन’, थोडक्यात, खोली मोकळी असली तर देऊ, नसली तर नाही. ‘ऑन रिक्वेस्ट’चाही तोच भाव. ‘गॅरंटीड’ किंवा ‘कन्फर्म्ड’ असा शब्द असेल तरच तो धरून बसता येते. पुढच्या वेळी आधी फोन करून ‘विल यू होल्ड द रूम फ्रॉम सिक्स इन द मॉर्निंग, अँड ॲट व्हॉट चार्ज?’ असे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. पैसे द्यायचे नसतील तर निदान ‘मे वी लीव्ह अवर बॅग्ज अँड फ्रेशन अप?’ असे म्हणावे. सामान ठेवायला आणि हातपाय धुवायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

बिलाविषयीही आपण विचारले आहे. ‘इन्क्लूसिव्ह ऑफ टॅक्सेस’ म्हणजे कर धरून, ‘एक्सक्लूसिव्ह’ किंवा ‘प्लस टॅक्सेस’ म्हणजे कर वेगळा. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आणि त्यापुढच्या खोलीवर १८ टक्के आहे. ‘सर्व्हिस चार्ज’ हा सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हॉटेल किंवा उपाहारगृह तो बिलात आपोआप लावू शकत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती तत्त्वे ग्राह्य धरली. ‘प्लीज रिमूव्ह द सर्व्हिस चार्ज’ एवढे शांतपणे म्हणणे पुरेसे आहे.

प्रश्न : मी एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर आहे. माझ्या हाताखालच्या मुली कष्टाळू आहेत, कोकणी आणि मराठी उत्तम बोलतात, पण पाहुण्याने इंग्रजीत काही मागितले की घाबरतात. त्यांना काय शिकवू? (एक वाचक भगिनी, काणकोण)

उत्तर : प्रथम त्यांना हे सांगा की त्यांच्या रोजच्या बोलण्यात परक्या भाषेतून आलेले शब्द आधीच आहेत आणि ते त्यांनी कधीच आपलेसे केले आहेत. चावी, अलमारी, बालदी, मेज, जनेल (खिडकी), तुवालो (टॉवेल) हे सगळे शब्द पोर्तुगीजमधून आले. आपल्या आज्यांनी ते शाळेत जाऊन शिकले नाहीत. ती वस्तू हातात घेता घेता तोंडात बसले. इंग्रजी शब्दही तसेच शिकवावेत. खोलीत उभे राहून उशीचा अभ्रा हातात द्यावा आणि ‘पिलोकेस’ म्हणायला लावावे. पिसे किंवा कापूस भरलेल्या जाड पांघरुणाला ‘डूव्हे’ म्हणतात, लिहिताना शेवटी ‘टी’ असला तरी उच्चारात तो नाही. चादरी, अभ्रे, टॉवेल या सगळ्यांना मिळून ‘लिनन’ म्हणतात. साबण, शाम्पू, कंगवा या छोट्या वस्तूंना ‘ॲमेनिटीज’ म्हणतात.

काही शब्द आपल्याला इंग्रजी वाटतात, पण पाहुण्याला वेगळे ऐकू येतात. ‘गीझर’ हा त्यांतला ठळक. आइसलँडमध्ये जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्याचे नाव ‘गेसिर’, त्यावरून हा शब्द आला. अमेरिकन माणसाला गीझर म्हणजे तो उसळणारा झराच. ‘गीझर इज ऑन’ ऐकून तो गोंधळतो, म्हणून त्याला ‘वॉटर हीटर’ किंवा नुसते ‘हॉट वॉटर’ म्हणावे. ‘अटॅच्ड बाथरूम’ आपल्या देशात सर्वांना कळते, ब्रिटिश पाहुणा त्याला ‘ऑन स्वीट’ म्हणतो. मजल्यांचाही असाच घोटाळा आहे. आपला तळमजला तो ब्रिटिशांचा ‘ग्राउंड फ्लोअर’, पण अमेरिकन त्यालाच ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणतो. अशा वेळी मजला न सांगता खोलीचा क्रमांक सांगून बोटाने दिशा दाखवणे उत्तम.

आणि एक वाक्य त्यांच्याकडून रोज घोटून घ्या. पाहुणा नम्रपणे विचारतो, ‘वुड यू माइंड चेंजिंग द टॉवेल्स?’ आपल्या मुली तितक्याच नम्रपणे ‘येस सर’ म्हणतात. ‘माइंड’ म्हणजे इथे ‘हरकत असणे’. ‘टॉवेल बदलायला तुमची काही हरकत आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटल्यासारखे ते होते. योग्य उत्तर ‘नॉट ॲट ऑल’ किंवा ‘सर्टनली’. मनात ‘हरकत नाही’ असे आधी मराठीत म्हणायचे आणि मग तोंडाने ‘नॉट ॲट ऑल’ म्हणायचे, अशी युक्ती मी नवीन मुलांना शिकवत असे, आणि आठवडाभरात ती जिभेवर बसते. ‘प्लीज ॲडजस्ट’ हे वाक्य मात्र वापरू देऊ नका. मराठीत ‘जरा ॲडजस्ट करा’ म्हणण्यात आपलेपणा आहे, पण इंग्रजीत पाहुण्याला नेमके काय करायचे ते कळत नाही. त्याऐवजी ‘द रूम विल बी रेडी इन ट्वेंटी मिनिट्स. प्लीज हॅव अ सीट.’ असे सांगावे, आणि वीस मिनिटे म्हटले की वीसच.

प्रश्न : आमच्या देवस्थानच्या अग्रशाळेच्या, म्हणजे भक्तनिवासाच्या, पाटीचे इंग्रजी भाषांतर करायचे आहे. एकाने ‘हॉटेल’ सुचवले, दुसऱ्याने ‘लॉज’. दोन्ही शब्द आम्हाला पटत नाहीत. (एका देवस्थान समितीचे सदस्य, फोंडा)

उत्तर : ते न पटणे योग्यच आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी येथील देवळांच्या आवारातील अग्रशाळा मुळात दूरवरून येणारे कुळावी (ज्यांचे ते कुलदैवत आहे ते लोक) आणि भक्त यांच्या मुक्कामासाठी आहेत. तिथे उतरणारा देवाच्या दारी आलेला असतो. सकाळच्या अभिषेकाला वेळेवर उभे राहता यावे म्हणून तो रात्री येतो. ‘हॉटेल’ लिहिले तर पर्यटक दूरध्वनी करून सी व्ह्यू आणि न्याहारीची चौकशी करतील. शिवाय मराठीत तर ‘हॉटेल’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे चहा-भजीच येतात.

तरीही ‘हॉटेल’ शब्दाचे मूळ आपल्या कामाच्या अगदी जवळचे आहे, म्हणून सांगतो. लॅटिनमध्ये ‘होस्पेस’ म्हणजे पाहुणा, आणि तोच शब्द यजमानालाही लावत. त्यापासून ‘हॉस्पिटल’, ‘हॉस्टेल’, ‘होस्ट’ आणि फ्रेंचमार्गे ‘हॉटेल’ असे शब्द निघाले. फ्रेंचमध्ये मधला ‘एस’ गळाला, तेवढाच फरक. याच कुळातला ‘हॉस्पिस’ हा शब्द पूर्वी यात्रेकरूंच्या निवाऱ्याला वापरत असत, पण आज इंग्रजीत तो अखेरच्या आजारातील रुग्णांच्या सेवेशी जोडला गेला आहे. तोही सुचवला जाण्याची शक्यता आहे, तो कटाक्षाने टाळावा.

‘पिल्ग्रिम्स रेस्ट हाउस’ हे शब्द मला योग्य वाटतात. ‘पिल्ग्रिम’मुळे कोणासाठी ते कळते आणि ‘रेस्ट हाउस’मध्ये भाडे उकळण्याचा भाव नाही. पाटीवर मात्र वरच्या ओळीत देवनागरीत आणि रोमन अक्षरांतही ‘अग्रशाळा’ हाच शब्द मोठ्या अक्षरांत ठेवावा आणि भाषांतर खाली लहान अक्षरांत द्यावे. खोल्यांच्या नियमांत ‘गेस्ट्स’ऐवजी ‘डिव्होटीज’ लिहावे. ‘चार्जेस’ऐवजी, समिती जर देखभालीपुरती ठरावीक रक्कम घेत असेल, तर ‘मेन्टेनन्स काँट्रिब्यूशन’ लिहावे. रक्कम भक्ताच्या इच्छेवर सोडली असेल तरच ‘डोनेशन’ म्हणावे, कारण ठरलेली रक्कम सक्तीने घेऊन तिला डोनेशन म्हटलेले वाचणाऱ्याला खुपते. रात्री दरवाजा किती वाजता बंद होतो, हेही ‘गेट क्लोजेस ॲट टेन पी.एम.’ असे सरळ लिहावे. आपण पाठवलेल्या मसुद्यात ती ओळ शेवटी आहे. ती सर्वांत वर घ्यावी, कारण मोपा विमानतळावरून किंवा मडगाव स्थानकावरून उशिरा निघालेल्या कुटुंबाला वाटेतच ती माहिती हवी असते.